धूर टायरचा निघावा, क्लचचा नव्हे

वाचकाचं पत्र :

काका, मी इचलकरंजीचा, वय २३. आमच्याकडे बाबांची २००१ ची मारुती एस्टीम आहे. बाबा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली आणि स्वतःच्या हाताने जपली. अजून एका सेल्फमध्ये सुरू होते. मला एकदा तरी तिचा बर्नआउट मारायचा आहे, गाडी जागेवर आणि टायरमधून धूर. हँडब्रेक ओढून प्रयत्न केला, तर आधी गाडी बंद पडली आणि नंतर गाडी नुसतीच पुढे सरकली, करपल्यासारखा वास आला, धूर नाहीच. गाडीचं नुकसान न करता हे जमेल का? क्लच झटकन सोडायचा की हळू? गॅरेजमधला एक पोरगा म्हणतो, टायरखाली जळकं ऑइल ओत, लगेच धूर निघेल. ते खरं का? बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

उत्तर :

तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ओघात लिहून गेलास, ती म्हणजे करपल्याचा वास. तो टायरचा नव्हता. टायर करपला की धूर दिसतो आणि रबराचा उग्र दर्प येतो. नुसता वास आला, धूर दिसला नाही, म्हणजे क्लच प्लेटचं अस्तर भाजलं. तेव्हा पुढचा प्रयत्न राहू दे, आधी क्लच तपास. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाने चाल आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. इंजिनचा आवाज चढला आणि गाडीचा वेग त्याच्या बरोबरीने वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. मग बर्नआउटचा विषय तिथेच संपला, आधी क्लच बदलायला लागेल. इंजिन आणि वेग बरोबरीने हळूहळू चढले, तर तू थोडक्यात वाचलास.

आता तुझा मुख्य प्रश्न. नुकसान अजिबात न होता बर्नआउट होत नाही. इंजिनाची ताकद बाहेर पडते आणि गाडी जागेवर उभी असते, तेव्हा ती ताकद कुठेतरी उष्णता होऊन जिरणारच. ती टायरमध्ये जिरेल, क्लचमध्ये जिरेल किंवा गिअरबॉक्सच्या आत. तुझ्या हातात एवढंच आहे की ती टायरमध्ये जिरवायची. जुना टायर गेला तर दुःख नाही. गिअरबॉक्स गेला तर २००७ मध्ये बंद झालेल्या गाडीचा चांगला गिअरबॉक्स शोधायला तुला भंगारबाजार पालथे घालावे लागतील.

मुळात ही पद्धत आली कुठून हे लक्षात घे, म्हणजे आपल्या गाड्यांना ती का जड जाते ते कळेल. ड्रॅग रेसिंगमध्ये पाव मैलाच्या शर्यतीला रुंद, मऊ रबराचे, बिननक्षीचे टायर लावतात. ते गरम झाले की रस्त्याला चिकटतात. म्हणून शर्यतीआधी चाकं पाण्याच्या पट्ट्यात नेऊन फिरवतात, टायर साफ होतो, तापतो, आणि मग गाडी सुरुवातीच्या रेषेवर येते. त्या गाड्यांना मागच्या चाकांवर ताकद असते आणि फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवणारा एक वेगळा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. व्हिडिओत दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या त्या जातीच्या असतात. आपल्या रोजच्या टायरला तापवून फायदा शून्य, त्याचं रबर त्यासाठी बनवलेलंच नाही.

तुझी एस्टीम पुढच्या चाकांवर चालते. म्हणजे फिरवायची ती पुढची चाकं, आणि धरून ठेवायची मागची. हँडब्रेक मागच्या ड्रमवर लागतो, म्हणून तू तो ओढलास ते बरोबरच केलंस. (हीच गोष्ट पद्मिनी किंवा अँबेसिडरमध्ये केलीस तर काहीच होणार नाही, कारण तिथे ताकदही मागच्याच चाकांना आणि हँडब्रेकही त्यांनाच.) मग गाडी पुढे का सरकली? एस्टीम हलकी गाडी. तिचं बरंचसं वजन पुढे, इंजिन आणि गिअरबॉक्सवर. मागची बाजू रिकामी आणि हलकी, त्यामुळे मागचे टायर लॉक झाले तरी रस्त्याला धरून ठेवण्याइतका जोर त्यांच्यात नसतो. पुढचे टायर कोरड्या डांबरावर ओढत राहतात आणि लॉक झालेली मागची चाकं फरफटत जातात. मागचे टायर एकदा हात फिरवून बघ, घासून एका जागी सपाट झाले असतील. तसं असेल तर ताशी ६० च्या पुढे गाडीत थरथर जाणवेल.

आणि बंद का पडली? १२९८ सीसीचं इंजिन, चांगल्या स्थितीत साधारण ८५ अश्वशक्ती, आणि तुझ्या गाडीचं वय पाहता त्यातली काही कधीच झिजून गेलेली. एवढी ताकद पहिल्या गिअरमध्ये कोरड्या डांबरावरची चाकं जेमतेम सोडवते. नुसत्या इंजिनाच्या जोरावर ती सहज सुटत नाहीत आणि इंजिन बंद पडतं, म्हणून लोक रेस वाढवून क्लच एकदम सोडतात. तेव्हा फिरत्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकात, साठलेला जोर एका झटक्यात पुढे जातो. दोरखंड हळू ओढला तर ताणतो, हिसका दिला तर तुटतो, तसंच इथे होतं. तो हिसका आधी क्लच प्लेटमधल्या छोट्या स्प्रिंगांना बसतो, मग गिअरच्या दात्यांना, मग एक्सलला आणि त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटला (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा सांधा), आणि शेवटी इंजिन माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या आधारांच्या, रबराला. वीस-पंचवीस वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. ते फाटलं की इंजिन जागेवर उडतं, चाकं एकसारखी फिरायचं सोडून दणादण उड्या मारतात, आणि त्या उड्यांमध्ये एक्सल तुटतो.

म्हणजे झटकन सोडला तर हिसका, हळू सोडला तर क्लच भाजतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या दोन्हींत नाही, ते रस्त्यात आहे. पुढच्या चाकांखालची पकड कमी कर. पाणी टाक. ओल्या, गुळगुळीत कोब्यावर पकड इतकी उतरते की चाकं सोडवायला हिसका लागतच नाही, इंजिनाची साधी ताकद पुरते. मागची चाकं मात्र कोरड्या जागी हवीत, म्हणजे हँडब्रेकला धरायला आधार मिळतो. पुढे ओलं, मागे कोरडं, एवढं साधलं की अर्धं काम झालं.

पण क्लच वाचला म्हणजे सगळं वाचलं असं नाही. लोक ज्या भागाकडे बघतच नाहीत त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगू दे. तो म्हणजे डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना. एस्टीमसारख्या गाडीत ती गिअरबॉक्सच्याच पोटात असते, त्याच ऑइलमध्ये. आत एका आडव्या पिनवर दोन लहान गिअर असतात. सरळ रस्त्यावर ते जवळजवळ फिरतच नाहीत, वळणावर थोडे हलतात. त्यांच्यासाठी बेअरिंग नसते, पिन आणि गिअर यांच्यात फक्त ऑइलचा पातळ थर. कारण कोणीही असं गृहीत धरलेलं नाही की ते सतत जोरात फिरतील.

बर्नआउटमध्ये नेमकं तेच होतं. दोन्ही चाकं एकसारखी सुटत नाहीत. एका बाजूला थोडं जास्त पाणी, थोडं कमी वजन, आणि तेवढं एकच चाक भन्नाट फिरतं, दुसरं गप्प उभं राहतं. आता स्पीडोमीटर तुला फसवतो. त्याला गती मिळते ती डिफरन्शियलच्या खोक्यापासून, आणि त्या खोक्याची गती ही दोन्ही चाकांच्या गतीची सरासरी असते. काटा ४० दाखवत असेल आणि एक चाक थांबलेलं असेल, तर दुसरं चाक ८० ने फिरत असतं. काटा ८० वर नेलास, तर ते चाक १६० वर आहे. तुझा जुना टायर त्या गतीला फुटू शकतो, आणि फुटताना चाकाची कमान, ब्रेकचा पाइप, एक्सलच्या सांध्यावरचा रबर बूट, काय मिळेल ते झोडपतो. त्याच वेळी आत ते दोन लहान गिअर पिनवर भिरभिरत असतात आणि ऑइलचा थर तुटतो.

असा उघडलेला गिअरबॉक्स पाहिलास तर विसरणार नाहीस. चांगली पिन राखाडी, गुळगुळीत असते. भाजलेली पिन निळी-तपकिरी पडते, तिच्यावर नख फिरवलं तर खाच लागते, आणि खाली साचलेल्या ऑइलमध्ये पोलादाचा बारीक कीस चमकतो. पिन आणखी गेली तर गिअर तिच्यावर पकडून बसतो, पिन आपल्या जागेतून बाहेर सरकते आणि गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं कवच आतून फोडते. वरून गाडी ठीकठाक चालत असते. पुढे कधीतरी वळणावर गुरगुर ऐकू येते तेव्हा कळतं.

म्हणून वेळेचा हिशोब असा : ३ ते ५ सेकंद, पहिल्या गिअरमध्ये, काटा ४० च्या खाली. त्यापुढे एक क्षणही नको. आणि दोनपैकी एकच चाक फिरतंय असं बाहेरच्या माणसाने हात करून दाखवलं, तर लगेच सोड.

हे खरोखर करायचंच असेल तर तयारीला एक अख्खी सकाळ दे. गाडी जॅकवर नाही, गॅरेजच्या खड्ड्यावर घे आणि खालून बघ. एक्सलच्या दोन्ही टोकांचे रबर बूट चिरलेले नाहीत ना, आजूबाजूला ग्रीस उडालेलं नाही ना. माउंटिंगची रबरं बघ : बॉनेट उघड, मित्राला पहिला गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच किंचित सोडायला सांग आणि तू बाजूला उभा राहून इंजिन किती डुलतं ते पाहा, गाडीच्या समोर उभा राहू नकोस. इंजिन उसळत असेल तर इथेच थांब. गिअर ऑइलची पातळी बघ, शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल तर बदलूनच घे. रेडिएटरचा पंखा आपोआप लागतो याची खात्री कर, कारण उभ्या गाडीला वाऱ्याची मदत नसते. पुढे जुने टायर लाव, पण नक्षी झिजलेले असले तरी सांगाडा शाबूत असलेले. बाजूच्या भिंतीवर चार अंकांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. बाजूला भेगा दिसत असतील, फुगवटा असेल किंवा तार उघडी पडली असेल तर तो टायर इथे चालणार नाही. हवा दारावरच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच ठेव. काही जण कमी करायला सांगतील, त्यांचं ऐकू नकोस. कमी हवेने पकड वाढते, आपल्याला ती कमी हवी आहे.

मग करायचं ते असं. स्टीअरिंग काटेकोर सरळ, कारण चाक वळलेलं असताना सीव्ही जॉइंटवर जोर आला की तो तुटायला वेळ लागत नाही. हँडब्रेक पूर्ण वर. ब्रेकच्या पेडलवर पाय नको, तो पुढच्या चाकांनाही धरेल आणि सगळं भांडण क्लचवर येईल. रेस मध्यम, इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास. क्लच एका सलग हालचालीत पूर्ण सोड, अर्ध्यात रेंगाळू नकोस. चाकं ओल्यावर सुटली की ॲक्सिलरेटर स्थिर धर. सोडताना आधी ॲक्सिलरेटर सोड, मग क्लच दाब, चाकं थांबू दे, आणि नंतरच हँडब्रेक खाली. चाकं फिरत असताना हँडब्रेक सोडलास तर गाडी पुढे झेपावते, फिरतं चाक ओल्यावरून कोरड्यावर येतं, त्याला अचानक पकड मिळते, आणि आपण इतका वेळ टाळलेला हिसका तिथे पूर्ण बसतो. एक्सल बहुतेक वेळा याच क्षणी तुटतात. नंतर इंजिन लगेच बंद करू नकोस, आवारात पाच मिनिटं हळू फिरव.

आणि हो, पाण्यावर व्हिडिओसारखा पांढरा ढग निघणार नाही. आधी वाफ आणि तुषार निघतील, पाणी उडून गेलं की थोडा धूर. तेवढ्यावर समाधान मान. दाट ढगासाठी दुसरा गिअर आणि पंधरा-वीस सेकंद लागतात, आणि ते तुझ्या गाडीला झेपणार नाही. मी हे तुला आवर्जून सांगतोय, कारण पहिल्या वेळी धूर कमी निघाला की पोरं लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करतात, आणि गाडी तिसऱ्या वेळी जाते.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. रस्त्यावर नाही. एमआयडीसीतला रविवारचा रिकामा रस्ताही नाही, बायपासचा नवा तुकडाही नाही. हँडब्रेकची केबल जुनी आहे, ती तुटली तर गाडी एका क्षणात समोरच्या माणसावर जाईल. कोणाच्या तरी मालकीचं बंद आवार, मालकाची परवानगी, समोर निदान पन्नास-साठ फूट मोकळे, आणि बघणारे सगळे गाडीच्या बाजूला, लांब. मोबाइल घेऊन समोर बसणारा मित्र तर नकोच. गोदामात किंवा शेडमध्ये करू नकोस, तिथे गाडीचा धूर कोंडतो. वाळलं गवत जवळ नको. सार्वजनिक रस्त्यावर केलंस तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागतं, धोकादायक वाहन चालवण्याचं, आणि त्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. विम्याकडूनही अपेक्षा ठेवू नकोस. यांत्रिक बिघाड आणि नुसत्या टायरचं नुकसान आपल्याकडच्या साध्या पॉलिसीत बसत नाही.

आता बाबांचं. गाडी त्यांची आहे, त्यांना विचार. मी हे तुला दटावायला लिहीत नाही. जॉबर म्हणजे यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस. तू न सांगता केलंस तर क्लच किंचित वर धरायला लागलाय हे त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतानाच कळेल. त्यापेक्षा त्यांना खड्ड्यात उतरवून माउंटिंग दाखव, त्यांचं मत घे. ते नाही म्हणाले तर नाही. ते विषयात रमले, तर तुला घरातच मेकॅनिक मिळाला.

खरं विचारशील तर तुझ्या मनात धूर नाहीये, गाडी तिच्या सीमेवर कशी वागते ते तुला अनुभवायचं आहे. त्यासाठी ऑटोक्रॉस बघ. मोकळ्या मैदानात शंकू लावून आखलेला मार्ग, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत, हेल्मेट सक्तीचं. भारतातल्या अशा अधिकृत स्पर्धा एफएमएससीआय या मोटार शर्यतींच्या महासंघाच्या मान्यतेने होतात, आणि त्यांत उतरण्यासाठी त्यांचा परवाना लागतो. एस्टीमला या मैदानाची ओळख आहे, एके काळी आपल्याकडच्या रॅलींमध्ये जिप्सीबरोबर हीच गाडी मोठ्या संख्येने पळायची. कारण हलकी, काटक, आणि वळणावर इमानदार. तिचा हा गुण जागेवर उभी करून कधीच दिसणार नाही.

राहिला जळक्या ऑइलचा प्रश्न. त्या पोराला सांग, नाही. ऑइल टायरच्या रबरात मुरतं, ते पुढच्या पावसात ब्रेक मारताना जाणवतं. तापलेल्या टायरखाली ते पेट घेऊ शकतं, आणि वरच इंजिनचा तळ असतो. कोब्यावर सांडलेलं ऑइल पाण्याने धुऊन जात नाही, संध्याकाळी तिथून मोटारसायकलवर जाणारा माणूस घसरतो. डिझेलचंही तेच. काही जण ब्लीच सुचवतात, त्याची वाफ छातीत गेली तर दवाखाना गाठावा लागेल. दोन बादल्या साधं पाणी, झालं. आणि आधी ती चौथ्या गिअरची चाचणी. क्लच घसरत असेल तर मला पुन्हा लिही, नवी प्लेट घेताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग सोबतच का बदलायचं आणि फ्लायव्हीलवर काय बघायचं, ते तेव्हा सांगतो.